रस्किनने जमवलेलं व्हेनिस: फोटो हातात आला की बघणं संपतं का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मुलीकडे इंग्लंडात गेले होते, तेव्हा लँकेस्टर विद्यापीठात जॉन रस्किनच्या संग्रहातले काही जुने फोटो पाहायला मिळाले. फोटो म्हणायचं, पण कागदावर नाहीत, पत्र्यावर आहेत. तांब्याचा तळहाताएवढा पत्रा, वर चांदीचा मुलामा. समोर उभं राहिलं की आधी स्वतःचाच चेहरा दिसतो. मान थोडी तिरकी केली की चेहरा जातो आणि तिथे एक महाल उगवतो. खिडक्यांच्या कमानी, दगडावरचे ओघळ, उडालेला गिलावा, सगळं. मी त्या एका पत्र्यासमोर किती वेळ उभी होते मलाच कळलं नाही. लेक शेवटी म्हणाली, आई, बस चुकेल.

रस्किन (१८१९ ते १९००) म्हणजे चित्रकला आणि वास्तुकलेवर आयुष्यभर लिहिणारा लेखक. आपल्याकडे तो गांधीजींमुळे ठाऊक आहे. 'अनटू धिस लास्ट' त्यांनी १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना रेल्वेत वाचलं आणि पुढे 'सर्वोदय' नावाने ते गुजरातीत उतरवलं. पण मला बोलायचंय ते त्याच्या फोटोंबद्दल.

१८४५ मध्ये तो व्हेनिसमध्ये महालांची चित्रं काढत होता. 'का द'ओरो' नावाचा महाल कागदावर उतरवत असताना समोरच कामगार त्याच महालावर हातोडे चालवत होते. याची पेन्सिल पुढे जाईपर्यंत दगड खाली येत होता! त्याच सुमारास एका अडचणीत सापडलेल्या फ्रेंच माणसाकडून त्याला या महालांचे छोटे पत्रे विकत मिळाले. वडिलांना त्याने कळवलं की हे म्हणजे जवळजवळ महालच उचलून नेण्यासारखं आहे, दगडाचा प्रत्येक टवका आणि डाग यात आहे, आणि प्रमाणात चूक व्हायचा प्रश्नच नाही. मग त्याने स्वतःच यंत्र घेतलं. आधी जॉन हॉब्ज आणि नंतर फ्रेडरिक क्रॉली या नोकरांच्या मदतीने व्हेनिस, पिसा, लुका, फ्लॉरेन्सपासून आल्प्सपर्यंत पत्रे केले.

आणि हाच माणूस पुढे फोटोवर पार रुसला. १८६८ मध्ये ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या फोटोग्राफर बाईंना त्याने लिहिलं की या विषयातला आपला रस कधीच संपलाय.

आता माझा प्रश्न. त्या प्रवासातले माझ्या फोनमध्ये चौदाशे फोटो आहेत. परवा बहिणीला एका चर्चच्या दाराची कमान हाताने काढून दाखवायला गेले आणि जमलं नाही. टोकदार होती की गोल, तेही आठवेना. फोटो आहे म्हणून मी नीट बघितलंच नाही का? की फोटो आहे म्हणून आता तरी बघू शकते? तुमचा अनुभव सांगा.

अंधारखोली
सुंदर विषय, ताई. तुम्ही पाहिलेत त्यांना डॅगेरोटाइप म्हणतात. १८३९ मध्ये पॅरिसला ही रीत जाहीर झाली. चांदी आरशासारखी घासायची, आयोडीनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात पत्रा घालून उजेड दाखवायचा, मग तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर धरायचा. जिथे उजेड पडला तिथे पारा बसतो आणि चित्र उमटतं. नंतर हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात, धुवायचं. त्यावर सोन्याच्या क्षाराचा हात दिला की चित्र थोडं टिकाऊ होतं, तरीही बोट लागलं तर पुसलं जातं, म्हणून वर काच हवीच.

यात निगेटिव्ह नसते. जो पत्रा कॅमेऱ्यात होता तोच फोटो. दुसरी प्रत नाही. म्हणजे रस्किनच्या हातात जे होतं ते जगात एकच होतं.

मी पंचवीस वर्षं डार्करूममध्ये काढली आहेत. एकच प्रत असेल तर माणूस कॅमेरा लावायच्या आधी किती वेळ बघेल, याचा विचार करा. तुमच्या चौदाशे फोटोंचं उत्तर मला तिथे दिसतं.

मीनल_ठाणे
पाऱ्याची वाफ! आणि हे सगळं प्रवासात करायचे? घरचे ओरडत नव्हते का?

पेठकर_वास्तुविशारद
मीनल, घरच्यांचं म्हणणं लेखी उपलब्ध आहे. 😊 रस्किनची बायको एफी १८४९-५० च्या हिवाळ्यात त्याच्याबरोबर व्हेनिसमध्ये होती. तिने पत्रात लिहिलंय की लोक याच्याकडे थक्क होऊन बघतात. चौक भरलेला असो की रिकामा, हा एक तर डोक्यावर काळं कापड घेऊन डॅगेरोटाइप करत असतो, नाही तर धुळीने आणि कोळिष्टकांनी माखून खांबांच्या माथ्यावर चढलेला असतो. झाडूवर बसणाऱ्या म्हातारीबरोबर फेरी मारून आल्यासारखा दिसतो म्हणे.

या वाक्यात धाग्याचं निम्मं उत्तर आहे असं मला वाटतं. काळं कापड *आणि* कोळिष्टकं. त्याने फोटो काढून टेप खिशात ठेवला नाही. शिडी लावून प्रत्येक कमान मोजली, वह्या भरल्या, त्यातून 'द स्टोन्स ऑफ व्हेनिस'चे तीन खंड झाले (पहिला १८५१, उरलेले दोन १८५३). पत्रे मोजमापाच्या जोडीला होते. घरी लंडनमध्ये लिहायला बसल्यावर वहीतल्या रेषेबद्दल शंका आली की पत्रा काढून बघायचा.

आम्ही वाड्यांची मोजणी करतो तेव्हा हेच करतो. टेप, वही, आणि मग फोटो. उलटा क्रम लावला तर मुलं मोजतच नाहीत.

सह्यफिरस्ता
थोडा वेगळा सूर लावतो. लेखकाचं कौतुक चाललंय ते ठीक, पण याच रस्किनने जानेवारी १८५८ मध्ये लंडनला साउथ केन्सिंग्टनमधल्या भाषणात आपल्या कलेबद्दल काय म्हटलं ते वाचा. १८५७ च्या उठावानंतर काही महिन्यांतच. भारतीय कला निसर्गातली कुठलीच गोष्ट खरी दाखवत नाही, माणूस काढायचा सोडून आठ हातांचा राक्षस काढते, असा त्याचा सूर. आमची महिषासुरमर्दिनी याला राक्षस वाटते! जो माणूस व्हेनिसच्या एकेका टवक्यासाठी जीव टाकतो, तो वेरूळ न बघता निकाल देतो. मला त्याचं बघणं तिथेच संपलेलं दिसतं.

वाईकर_सुमन
सह्यफिरस्ता, अगदी बरोबर. मलाही हे वाचून राग आला होता. तरी त्याच्या पत्र्यांचं मोल त्यामुळे कमी होत नाही असं वाटतं.

सह्यफिरस्ता
सुमनताई, मोल कमी होत नाही, मान्य. पण धाग्याचा प्रश्न 'बघण्या'चा आहे म्हणून लिहिलं. तो भारतात कधी आला नाही. व्हेनिसला पुन्हा पुन्हा गेला, धुळीत लोळला, तेव्हा त्याला व्हेनिस दिसलं. आपल्याकडे लांबून बघितलं आणि आंधळा राहिला.

पेठकर_वास्तुविशारद
हे मात्र पटलं.

गिरगावची_लेक
मुंबईचा धागा कोणीच ओढला नाही अजून? व्हेनिसच्या टोकदार कमानी, दोन रंगांचे दगड, खांबांच्या माथ्यावरची पानं-पक्षी यांची आवड इंग्रज वास्तुकारांना लागली त्यात रस्किनच्या पुस्तकाचा मोठा वाटा होता, आणि ती लाट थेट आपल्या किनाऱ्यावर आली. काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय (१८७०) बघा. राजाबाई टॉवर (१८७८) गिल्बर्ट स्कॉटने इंग्लंडात बसून आखला. तो कधी मुंबईत आला नाही. सीएसएमटी, म्हणजे आपलं व्ही.टी., स्टीव्हन्सचं. तिथलं कोरीव काम जे.जे.च्या विद्यार्थ्यांचं. मोर, माकडं, मुंगूस, सगळं दगडात आहे.

सह्यफिरस्तांच्या रागावर उतारा म्हणून सांगते: राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे जे पुतळे आहेत, ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्या अभियंत्याने घडवले. आराखडा साहेबाचा, माणसं आमची. मी ओव्हलवरून जाताना नेहमी वर बघते.

अवधूत७३
अवांतर: मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली होती. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिथल्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. १८५५ ला एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला, त्यातून हरिश्चंद्र चिंतामण तयार झाले. म्हणजे रस्किन आल्प्समध्ये पत्रे तापवत होता त्यानंतर पाच-सहा वर्षांत गिरगाव-काळबादेवीकडची माणसं कॅमेऱ्यामागे उभी होती.

व्हेनिसला_गेलेली_नीता
अंधारखोली, एक विचारायचं होतं. रस्किनच्या एका पत्र्याचं चित्र मी पुस्तकात पाहिलं आणि गोंधळले. पियाझेट्टा म्हणजे तिथला छोटा चौक, त्यातून समुद्राकडे तोंड केलं की डोजचा, म्हणजे व्हेनिसच्या शासकाचा, महाल डाव्या हाताला येतो आणि सिंहाचा खांबही डावीकडेच. त्या चित्रात दोन्ही उजवीकडे! मी तिथे तीन दिवस राहिले आहे, चुकणार नाही.

अंधारखोली
नीता, तुम्ही बरोबर आहात आणि पत्राही बरोबर आहे. डॅगेरोटाइप हा आरसाच. डावं-उजवं उलटं येतं. कॅमेऱ्यापुढे आरसा किंवा लोलक लावला तरच सुलटं. बहुतेक जण लावत नसत कारण उजेड कमी पडायचा. म्हणजे रस्किनने जमवलेलं व्हेनिस बहुतेक उलटंच होतं. ते बघून चित्र काढायचं तर मनात सुलटं करत बसावं लागायचं.

व्हेनिसला_गेलेली_नीता
अय्या! म्हणजे मूळ जागा ज्याने बघितली नाही त्याला ते कळणारच नाही.

कृष्णाकाठ
नीता, हे तुझं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

मिरजेचा_राजा
रस्किनच्या पेटीची गोष्ट कोणी सांगितली नाही, मी सांगतो. तो १९०० मध्ये गेला. त्याच्या ब्रँटवुडच्या घरातल्या वस्तू १९३१ च्या आसपास लिलावात इकडेतिकडे गेल्या. लँकेस्टरला आहेत ते सव्वाशेच्या आसपास पत्रे म्हणजे सगळे, असंच सगळे समजून होते. मग २००६ मध्ये पेनरिथ या लहान गावातल्या लिलावात एक जुनी लाकडी पेटी आली. अंदाजे किंमत लावली होती ८० पौंड. आत १८८ डॅगेरोटाइप. जुन्या फोटोंचा व्यवहार करणाऱ्या एका नवरा-बायकोला संशय आला की हे रस्किनचे असावेत. बोली चढत चढत ७५,००० पौंडांवर गेली आणि पेटी त्यांना मिळाली. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी एकेक पत्रा ओळखला, रस्किनच्या वह्यांशी आणि चित्रांशी ताडून पाहिला, आणि २०१५ मध्ये पुस्तक काढलं.

म्हणजे इतकी वर्षं कोणाच्या तरी माळ्यावर नाही तर कपाटात ते व्हेनिस बंद पेटीत अंधारात होतं. काळवंडलेले असतील, पण राहिले.

मीनल_ठाणे
८० चे ७५,०००! उद्याच माळा काढते.

शेवंती
मीनल, काढच. हसण्यावारी नेऊ नकोस. आमच्या आजोबांचा कोल्हापुरात स्टुडिओ होता. काचेच्या निगेटिव्ह्जच्या पेट्या होत्या घरात. ते गेल्यावर काकूंनी काचा गरम पाण्यात सोड्याने घासून स्वच्छ केल्या आणि देवघराच्या कपाटाला, तसबिरींना लावल्या. कुणालाच त्यात चूक वाटली नाही, काच महाग होती. त्या कपाटासमोर मी लहानपणी रोज हात जोडले. एका कोपऱ्यात नीट न घासलेला डाग होता. मोठी झाल्यावर एकदा उन्हात धरून बघितला. पागोट्याची कड आणि एक कान होता तिथे.

ती एक काच मी मागून घेतली आहे. कोणाचा कान आहे हे सांगणारं आता कोणी नाही.

अंधारखोली
शेवंतीताई, ती काच जिलेटिनच्या, म्हणजे चित्राचा थर असलेल्या, बाजूने कशालाही टेकू देऊ नका. बिनआम्लाच्या कागदात गुंडाळून उभी ठेवा, आडवी एकावर एक नको. ओल्या फडक्याने पुसू नका.

शेवंती
धन्यवाद दादा, आजच करते.

खानदेशी_पाणी
आमच्या भागातली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेजर रॉबर्ट गिल. १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायच्या कामावर. वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात बसून मोठमोठे कॅनव्हास रंगवले, लंडनला पाठवले. १८६६ मध्ये ते ठेवले होते त्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि जवळजवळ सगळे जळाले. पुन्हा हेच काम जे.जे.चे ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजींसारखे त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून केलं, तर त्यातल्याही बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या.

पण गिल कॅमेराही शिकला होता. अजिंठा, वेरूळ, लोणार आणि आसपासच्या देवळांचे त्याचे फोटो १८६४ मध्ये छापले गेले, आणि ते उरले. एका कॅनव्हासला महिनोन् महिने लागले ते गेलं, काही मिनिटांत काढलं ते राहिलं.

तरी मला विचाराल तर गिलने अजिंठा बघितला तो रंगवताना. फोटो तर रंग दाखवूही शकत नव्हता त्या काळी. अजिंठा गावात त्याच्या सोबतिणीची, पारोची समाधी आहे, आणि गिल स्वतः १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. मी दर वर्षी एकदा जाऊन येतो.

वाईकर_सुमन
खानदेशी, डोळ्यांत पाणी आणलंत.

आता मूळ विषयाला धरून. रस्किनला फोटोची घाई का होती? त्याला नूतनीकरणाची धास्ती होती. पडझड परवडली, पण दुरुस्तीच्या नावाखाली दगड खरवडून नवा करणं म्हणजे इमारतीचा पुरता नाश, असं तो १८४९ पासून लिहीत आला. आमच्या गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा मला हे कळलं. काळ्या पाषाणावर ऑइल पेंट दिला. गुलाबी. द्वारपालाच्या हातातली गदा आधी झिजून मऊ झाली होती, तिथे हात ठेवून आम्ही आत जायचो. आता तिथे रंगाचा चिकट थर आहे. जुना फोटो शोधला तर एकच सापडला, १९८८ च्या माझ्या भावाच्या मुंजीतला, त्याच्या मागे अर्धी गदा.

अवधूत७३
सुमनताई, रंगाबद्दल शंभर टक्के सहमत. पण जीर्णोद्धार या शब्दावरच राग नको. अहिल्याबाईंनी रस्किनचं ऐकलं असतं तर घृष्णेश्वर आज उभं नसतं, काशी विश्वनाथही नसतं. आपलं देऊळ चालतं देऊळ असतं. गाभाऱ्यात पाणी गळत असताना 'डाग सुंदर आहे' म्हणून बसता येत नाही. व्हेनिसच्या रिकाम्या महालाचा नियम पूजेच्या जागेला कसा लावायचा?

पेठकर_वास्तुविशारद
अवधूत, दोन्ही खरं आहे, पण एक फरक बघा. अहिल्याबाईंनी पाडलेल्या किंवा पडलेल्या जागी नवं बांधलं आणि ते त्यांच्या काळाचं म्हणूनच उभं आहे. कोणालाही कळतं की हे मराठा काळातलं काम. रस्किनचा राग होता तो जुन्याला घासून नवं केलेलं जुनंच म्हणून दाखवण्यावर. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चचं तेच चाललं होतं, १८७७ ते ७९ मध्ये तो त्यासाठी भांडला. गळती काढा, जरूर काढा. आधी मोजा, फोटो काढा, मग हात लावा.

अवधूत७३
'आधी मोजा' हे मान्य. गुलाबी रंगही मान्य नाहीच.

गिरगावची_लेक
धागा वर काढतेय. कृष्णाकाठताईंचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून रविवारी करून बघितलं. ससून ग्रंथालयासमोरच्या फूटपाथवर वही घेऊन बसले. एकच खांब, त्याचा माथा. चाळीस मिनिटं लागली. मला चित्रकला येत नाही, पाचवीतल्या मुलासारखं आलं. पण पानं किती, कुठलं कुठल्याच्या वर वळलंय, सगळं अजून डोळ्यांसमोर आहे. मग त्याच खांबाचा फोटो काढला आणि घरी मोठा करून पाहिला. एका पानाचं टोक तुटलेलं होतं आणि तिथे सिमेंट भरलं होतं. चाळीस मिनिटं टक लावून बघूनही मला ते दिसलं नव्हतं! माझ्या चित्रात मी ते पान अखंड काढलं होतं. मला ते अखंडच दिसत होतं.

कृष्णाकाठ
लेकी, किती छान केलंस. 'दगडाचा प्रत्येक टवका', रस्किनने वडिलांना हेच लिहिलं होतं ना. आपण काढतो ते आपल्याला जे दिसतं ते, पत्र्यावर येतं ते आपण शोधत नव्हतो तेसुद्धा.

आणखी एक समजलं ते सांगते. फोटोवर रुसल्यावरही रस्किनने जमवलेलं फेकलं नाही. १८७५ मध्ये शेफिल्डजवळ वॉकलीला कामगारांसाठी लहानसं संग्रहालय उघडलं, त्यात खनिजं, चित्रं यांच्याबरोबर फोटोही ठेवले. सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या माणसांना व्हेनिस बघता यावं म्हणून. ज्यांना जाता येणार नव्हतं त्यांच्यासाठी.

सुमन, तुझ्या गावच्या देवळाची दुसरी काही जुनी चित्रं कुणाकडे असतील का? लग्नामुंजीच्या अल्बममध्ये मागे काय काय असतं.

वाईकर_सुमन
ताई, चुलत बहिणीला फोन केला. १९७४ चं लग्न देवळाच्या मंडपात झालं होतं, अल्बम तिच्या सासरी आहे. शनिवारी जातेय.

पेठकर_वास्तुविशारद
सुमनताई, माझ्याकडे टेप आणि शिडी दोन्ही आहे. द्वारपाल रंगाखाली आहे तसाच मोजून ठेवू, अल्बममध्ये सापडला तर ताडून बघता येईल. पुण्याहून सकाळी सहाला निघतो.

शेवंती
मी स्वारगेटला उभी राहते. डबा आणते चौघांचा.